पुदिन्याच्या पानामागे तांबडी पूड दिसतेय? आधी रोग ओळखा, पऱ्हाटीची दवाई लांब ठेवा

सप्टेंबरमधली गोष्ट. आठवीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणात पुदिन्याच्या चार फांद्या घेऊन आली. "टीचर, बघा ना, आमच्या पुदिन्याला काय झालं?" मी पान उलटं केलं. मागे विटकरी रंगाचे बारीक फोड होते. बोट फिरवलं तर हळद-तिखट लागावं तशी पूड बोटाला लागली. हा तांबेरा. मी तिला नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "अब्बू म्हणतात, पऱ्हाटीवर मारून उरलेली दवाई घरात आहे, आज संध्याकाळी तीच मारून टाकू."

मी त्याच दुपारी तिच्या अम्मीला फोन लावला. कारण त्या घरात रोज त्याच कुंडीतली पानं तोडून चटणी होते, आणि घरात तीन लहान लेकरं आहेत.

हा लेख त्या फोनमुळे लिहिते आहे. पुदिना आपल्या घरोघरी असतो. अंगणात, गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत, फुटक्या माठात, तेलाच्या पिप्यात. बिर्याणी, चटणी, कबाबाबरोबरचं दही, रमजानमधलं इफ्तारचं सरबत, सगळीकडे तो लागतो. पण त्याला रोग लागला की दोनच गोष्टी होतात. एक तर रोप उपटून फेकतात, नाही तर वावरातली बाटली काढतात. या दोन्हींच्या मधे पुष्कळ काही करता येतं.

आधी बाटलीबद्दल

यवतमाळ जिल्ह्याला फवारणीचं विष काय करतं हे कुणी नव्यानं सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दिवसांत अशा रुग्णांची रांग होती. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तोंडाला रुमाल बांधून, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत उभं राहून फवारणारी ती माणसं होती. त्यांनी ते विष खाल्लं नव्हतं. नुसतं श्वासातून आणि कातडीतून गेलं होतं.

आता विचार करा, तेच औषध आपण पानावर मारतो आणि ते पान कच्चंच वाटून खातो.

लोक म्हणतात, "धुऊन घेऊ की." इथंच चूक होते. कापसावरची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे पानावर न राहता पानाच्या आत, रसात जातात. तुडतुडा किंवा मावा तो रस शोषतो म्हणून मरतो. जे पानाच्या आत गेलं ते नळाखाली धरून कसं निघणार? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि फवारणीनंतर थांबायचे दिवस कापसासाठी मोजलेले असतात. कापसाचं पान कुणी खात नाही. पुदिन्यात आपण खातो ते पानच.

आणखी एक सवय. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा धुऊन त्यात साबणाचं पाणी, गोमूत्र, निंबोळीचा अर्क भरायचा. हे करू नका. दहादा धुतलं तरी प्लास्टिकला विष चिकटून राहतं. केस कापायच्या दुकानात असतो तसला साधा पाण्याचा फवारा बाजारात मिळतो, तो फक्त झाडांसाठी वेगळा ठेवा. आणि अल्लाह न करो, घरात कुणाच्या पोटात असं औषध गेलंच, लाळ गळायला लागली, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, उलट्या सुरू झाल्या, तर मिठाचं पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात न्या. कोणतं औषध आहे हे डॉक्टरांना कळलं तर उपचार लवकर सुरू होतो.

पान उलटं करून बघायची सवय

रोपाला काय झालंय हे ओळखायला शेतीची पदवी लागत नाही. मी काही कृषी तज्ज्ञ नाही, शाळेत शिकवते. पण मुलांना प्रयोगात जे सांगते तेच इथंही कामी येतं. आधी नीट बघा, मग निष्कर्ष काढा. सकाळच्या उजेडात पान उलटं करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जवळून फोटो काढून मोठा करून बघा. बोटानं घासून बघा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका आणि काही चालतंय का ते बघा. शेवटी माती दोन पेरं खोल उकरून ओली की कोरडी ते बघा. या पाच मिनिटांत बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तांबेरा

पुदिन्याचा सगळ्यात चिवट रोग हाच. गव्हावरचा तांबेरा शेतकऱ्यांना माहीत आहे. हा त्याच घराण्यातला, पण वेगळा. शास्त्रीय नाव पक्सिनिया मेंथी. गव्हाचा तांबेरा पुदिन्यावर येत नाही आणि पुदिन्याचा गव्हावर जात नाही. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला आपलं जीवनचक्र पुरं करायला दुसऱ्या जातीचं झाड लागतं. पुदिन्याच्या तांबेऱ्याला ती गरज नाही. जन्मापासून शेवटपर्यंत तो पुदिन्याच्याच जातीवर राहतो, म्हणून एकदा कुंडीत शिरला की त्याला बाहेर जायचं कारणच उरत नाही.

सुरुवात कोवळ्या कोंबापासून होते. एखादा कोंब फिका, जाडसर, वाकडातिकडा दिसतो, त्याच्यावर केशरी फोड येतात. बरेच लोक हे बघतच नाहीत. मग पानाच्या वरच्या बाजूला पिवळट ठिपके दिसतात आणि मागच्या बाजूला त्याच जागी विटकरी पूड. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यानं उडतात, पाण्याच्या शिंतोड्यानं उडतात, आपल्या हाताला लागून शेजारच्या कुंडीत जातात. पुढे फोड गडद तपकिरी, जवळजवळ काळे होतात. ते थांबून राहणारे बीजाणू, वाईट दिवस काढण्यासाठी. पानं वाळून गळतात आणि बुडाशी नुसत्या काड्या उरतात.

हवा थंड किंवा सौम्य आणि पान बराच वेळ ओलं, हे त्याला आवडतं. म्हणून आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि थंडीत दव पडतं तेव्हा तो जोर धरतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो मागे पडतो आणि घरच्यांना वाटतं, गेला. तसं समजू नका.

औषध मारून हा रोग घरी बरा होत नाही, कारण बुरशी पानाच्या आत असते. कात्री हेच औषध आहे. सगळ्या फांद्या मातीलगत कापा, एकही पान ठेवू नका. मातीवर पडलेली पानं वेचून काढा, वरचा बोटभर मातीचा थर काढून टाका आणि नवीन माती-खत घाला. कापलेला पाला खताच्या खड्ड्यात किंवा बकरीसमोर टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्या, किंवा पुदिन्यापासून लांब खोल पुरा. कात्री गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा. पुदिना चिवट असतो, दोन-तीन आठवड्यांत परत फुटतो. नवे कोंब रोज बघा. वाकडा, फिका, केशरी कोंब दिसला की त्याच दिवशी काढा.

दुसऱ्यांदाही तांबेरा आला तर रोग मुळांच्या गुंत्याबरोबर आलाय असं समजा. त्यावर एक जुना उपाय आहे, गरम पाण्याचा. जमिनीखालच्या जाड मुळ्या धुऊन माती काढायची, ४४ अंश सेल्सियसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवायच्या, लगेच थंड पाण्यात बुडवून नव्या मातीत लावायच्या. ऐकायला सोपं आहे, पण तापमान सांभाळणं अवघड. ताप मोजायचा थर्मामीटर ४२-४३ च्या पुढे जात नाही, आणि हात घालून अंदाज तर मुळीच येत नाही. मी प्रयोगशाळेतल्यासारखा थर्मामीटर आणून स्टीलच्या बादलीत हे केलं. पाणी थंड व्हायला लागलं की किटलीतलं थोडं गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, परत बघायचं. दोन कुंड्यांच्या मुळ्यांपैकी एका कुंडीच्या जगल्या, दुसरीच्या बहुधा शिजल्या. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांनी या भानगडीत पडू नये. दहा-वीस रुपयांच्या जुडीतून नवं रोप तयार होतं.

लोक एक विचारतात, चुकून तांबेरा लागलेलं पान चटणीत गेलं तर? हा रोग माणसाला होत नाही. घाबरायचं कारण नाही. पण अशी पानं मुद्दाम वापरू नयेत. चव जाते आणि ज्यांना बुरशीची ॲलर्जी आहे त्यांना त्रास होऊ शकतो.

भुरी आणि ठिपके

पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला तर ती भुरी. मूग-उडदावर, भेंडीवर, काकडीच्या वेलावर आपण बघतो तीच तऱ्हा. तांबेरा पानामागे असतो, भुरी बहुधा वरूनच दिसते आणि बोटानं पुसली जाते. गंमत म्हणजे भुरीला पान ओलं लागत नाही. दिवसा कोरडी हवा, रात्री गारवा आणि दाटीवाटी असली की ती येते. आपल्याकडे दिवाळीनंतर. दोन भिंतींच्या कोपऱ्यात कोंबून ठेवलेल्या कुंडीत तर हमखास.

भुरीवर घरगुती उपाय खरंच चालतो. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, उन्हात फवारायचं, आठवड्यातून एकदा. हे आजीबाईच्या बटव्यातलं वाटेल, पण ब्राझीलच्या वाग्नर बेट्टिओल या शास्त्रज्ञानं १९९९ मध्ये भोपळ्याच्या जातीच्या पिकावर याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता आणि भुरी आटोक्यात आली होती. दूध यापेक्षा घट्ट केलं तर वास येतो आणि दुसरीच बुरशी धरते. सुरुवातीला मारलं तरच उपयोग, पूर्ण रोप पांढरं झाल्यावर कापणीच करावी लागते. गंधकाची भुकटीही भुरीवर चालते, पण आपल्या उन्हात गंधकानं पान करपतं, आणि चार कुंड्यांसाठी ती आणावी असं मला वाटत नाही.

तपकिरी-काळे ठिपके, भोवती पिवळी कडा, बोटाला पूड लागत नाही, हे वेगवेगळ्या बुरश्यांमुळे होणारे पानावरचे ठिपके, म्हणजे करपा. श्रावणातल्या झडीत येतात. पानं तोडा, फांद्या विरळ करा, पाणी वरून न देता बुडाशी द्या. पाऊस उघडला की आपोआप कमी होतात.

माती ओली आणि रोप सुकलेलं

सगळ्यात जास्त पुदिना आपल्या जिल्ह्यात रोगानं नाही, लाडानं मरतो. पुदिन्याला पाणी आवडतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर ओतायचं. कुंडीत भरलेली असते वावरातून आणलेली काळी माती. ही माती कापसाला चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. कुंडीत तोच गुण उलटतो. खाली चिखल, हवा नाही, मुळं गुदमरतात आणि मग मूळकुजीच्या बुरश्या कामाला लागतात. वरून रोप कोमेजलेलं दिसतं, घरचे म्हणतात पाणी कमी पडलं, आणि अजून पाणी टाकतात.

ओळखायची खूण अशी. दुपारी मान टाकली आणि मगरीबपर्यंत परत उभं राहिलं तर ते ऊन आहे, काळजी नको. माती ओली असूनही सकाळीसुद्धा मान टाकलेलीच असेल तर मुळात बिघाड आहे. कुंडी आडवी करा, मातीचा गोळा बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी आणि कडक असतात. कुजलेली तपकिरी, मऊ, ओढली की साल निघून आत दोऱ्यासारखी तार उरते, आणि वास येतो.

अर्धी मुळं तरी पांढरी असतील तर कुजलेली कापून टाका, वरच्या फांद्याही अर्ध्या कमी करा, नव्या मिश्रणात लावा. मिश्रण मी असं करते. दोन भाग नदीकाठचा पोयटा किंवा साधी लालसर माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर रेती. काळी मातीच असेल तर रेती दुप्पट. बुडाला बोट जाईल एवढी तीन-चार छिद्रं हवीतच. रंगाच्या बादलीला छिद्रं न पाडता पुदिना लावलेला मी किती घरांत बघितलाय, मोजदाद नाही. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा नावाची पुडी मिळते. ही मित्रबुरशी आहे, शेणखतात मिसळून मातीत घातली की मूळकुजीच्या बुरशीला रोखते. पुडीवरची तारीख बघून घ्या. ती जिवंत असते, उन्हात ठेवलेली किंवा जुनी पुडी म्हणजे नुसती भुकटी. ती आधी घालायची असते, रोप कुजल्यावर तिचा फारसा फायदा होत नाही.

एकाच बाजूच्या फांद्या सुकतात, पानं वाकडी-पिवळी होतात, मुळं मात्र बरी दिसतात, असं झालं तर तो मर रोग असू शकतो. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. अमेरिकेत पेपरमिंटची मोठमोठी शेतं या व्हर्टिसिलियम मर रोगानं हैराण झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी किरणोत्सर्गाचा मारा करून हजारो रोपांतून टिकाव धरणारं वाण शोधलं. १९७० च्या दशकात ते बाजारात आलं. म्हणजे मातीतून ही बुरशी हटवणं त्यांनाही जमलं नाही. आपण कुंडीतली माती फेकावी आणि रोप विसरावं. त्या मातीत वांगी, टमाटे, मिरचीही लावू नये.

रोग नसून पाण्याची तक्रार

यवतमाळ शहरानं पाण्याची टंचाई पुष्कळ बघितली आहे. निळोणा आणि चापडोह धरणं आटली की नळाला किती दिवसांनी पाणी येईल याचा नेम नसतो. म्हणून घरातलं कुठलंही उरलेलं पाणी कुंडीत जातं. चांगलीच गोष्ट आहे, पण सगळं पाणी सारखं नसतं.

वुजूचं पाणी पुदिन्याला सगळ्यात चांगलं. साबण नाही, मीठ नाही. आमच्याकडे वुजूच्या जागेखाली टोपलं ठेवलेलं असतं, पाच वक्तांचं मिळून चार-पाच कुंड्या सहज निघतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालतं, लगेच वापरलं तर. पण पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी पुदिन्याला रोज देऊ नका. मशीन पाण्यातले क्षार वेगळे काढून त्याच पाण्यात सोडते. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच. मे महिनाभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. असं पाणी दिलेल्या कुंडीत मातीवर पांढरी पापडी दिसते आणि पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी होतात. लोक याला करपा समजून फवारण्या करतात. उपाय एवढाच, पापडी खरवडून काढा, दोन-तीनदा साधं पाणी भरपूर ओतून खालून निघून जाऊ द्या. पावसाचं पाणी मिळालं तर फारच छान. कुंडी कूलरजवळ ठेवायला हरकत नाही, गारवा मिळतो. फक्त टाकीतलं पाणी तिला पाजू नका.

पिवळेपणाही वाचता येतो. खालची जुनी पानं सगळीच पिवळी होत असतील तर खत कमी पडलंय, मूठभर गांडूळखत द्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे होतं, लोह मातीत असतं पण रोपाला उचलता येत नाही. माती बदला, पाणी बदला.

उडणारे, चालणारे

गावाला लागून पऱ्हाटी असली की ऑगस्टनंतर पांढरी माशी, तुडतुडे, मावा घरच्या कुंडीतही येतात. पान हलवलं की पांढरे ठिपके उडतात ती पांढरी माशी. कोवळ्या शेंड्याला हिरव्या-काळ्या बारीक किड्यांची गर्दी तो मावा. पान चिकट लागतं, त्यावर पुढे काळी बुरशी धरते. उन्हाळ्यात पानावर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके, मागे बारीक जाळं, हे लाल कोळ्याचं काम. तांबेऱ्याशी याचा घोळ होतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर कोळी, पडून राहिले आणि पुसल्यावर पूड झाली तर तांबेरा.

या सगळ्यांवर पहिलं औषध पाण्याचा जोर. सकाळी पानाच्या मागच्या बाजूनं फवाऱ्यानं धुवा, तीन दिवस लागोपाठ. कोळ्याला तर धूळ आणि कोरडेपणा आवडतो, आंघोळ आवडत नाही. मात्र कुंडीत तांबेरा असेल तेव्हा ही आंघोळ घालू नका, ती रोग पसरवते. म्हणून तर आधी ओळखा म्हणते.

पाण्यानं भागलं नाही तर निंबोळी. आपल्याकडे लिंबाची झाडं भरपूर आहेत, जून-जुलैमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो. वाळवून डब्यात भरून ठेवा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात साध्या साबणाचं थोडं पाणी घाला. हाच तो पाच टक्के निंबोळी अर्क, कापसासाठीही कृषी खातं सांगतं तोच. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, पान करपत नाही ना. संध्याकाळी मारा, भर उन्हात नाही. आणि आठवडाभर ती पानं खायला घेऊ नका, कडवट लागतात. अळी दिसली तर हातानं वेचा. पान दुमडून धाग्यानं चिकटवलेलं असेल तर आत अळीच असते, पानासकट चुरडा.

बाजारातून रोग आणू नका

बहुतेकांचा पुदिना आठवडी बाजारातल्या जुडीतून लावलेला असतो. सांबार घेताना पुदिना घ्यायचा, पानं चटणीला आणि काड्या कुंडीत. पद्धत चांगली आहे, पण जुडी घेतानाच दोन-चार पानं उलटी करून बघा. तांबडा ठिपका दिसला तर ती जुडी लावायला नको. चार बोटं लांबीच्या काड्या घ्या, खालची पानं काढा, काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवा आणि एक दिवसाआड पाणी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. नवी कुंडी पहिले तीन आठवडे जुन्या पुदिन्यापासून लांब ठेवा. जुडी विकणाऱ्यानं शेतात काय फवारलं होतं आपल्याला माहीत नसतं, म्हणून त्या काड्यांवरची जुनी पानं खाऊ नका, नव्या फुटीपासून सुरुवात करा.

वेळेचाही विचार करा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ आणि २०२५ मध्ये तो मार्चमध्ये सुरू झाला, पुढे काही वर्षं हिवाळ्यात येईल. पुदिन्यासाठी हे सोयीचं आहे, कारण विदर्भात तो सर्वांत जोमात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतो. इफ्तारला पानं हवी असतील तर रमजानच्या पाच-सहा आठवडे आधी एकदा पूर्ण कापणी करा, म्हणजे जुना रोगट पाला निघून जातो आणि ऐन वेळी कोवळी फूट मिळते. उन्हाळ्यात सकाळचं तीन-चार तासांचं ऊन पुरे, नंतर हिरव्या जाळीची सावली. मिरगाच्या आधी दाट झालेला गुंता विरळ करून दोन कुंड्यांत लावा, नाही तर झडीत आतून कुजतो. दर दोन वर्षांनी माती बदलणं उत्तम.

इतकं करूनही कळत नसेल तर रोगट फांदी कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये नाही, यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतलं ते केंद्र आहे. चार कुंड्यांसाठी जायला संकोच वाटतो खरा, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

त्या मुलीच्या घरी पुढे काय झालं ते सांगते. तिच्या अम्मीनं त्याच संध्याकाळी सगळा पुदिना मातीलगत कापला. अब्बूंना ते पटलं नव्हतं, एवढा हिरवागार पुदिना कापून टाकायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. उरलेली दवाई त्यांनी परत वावरातल्या खोलीत कुलपात ठेवली. तेविसाव्या दिवशी मुलगी वर्गात फोटो घेऊन आली, कुंडी भरली होती. डाव्या बाजूला दोन कोंब जरा वाकडे दिसत होते. ते काढून टाकायला सांगितले आहेत.